मूळ घरी परतलेल्या फायली

दवाखान्यातले पेशंट बरे होऊन घरी जातात. सदर भागातल्या आमच्या दवाखान्यातल्या कम्प्युटर रूममधले किस्से मात्र डिस्चार्ज घेत नाहीत, साचतच राहतात!

*

माझा पहिलाच आठवडा. एक जुना रिपोर्ट हवा होता. मी नवी डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, केली आणि तिच्यात उभं राहून गेल्या वर्षीचं टार अर्काइव्ह, म्हणजे जुन्या फायलींचं गाठोडं, उघडलं. पण आमच्या जुन्या युनिक्स सिस्टीमवर अर्काइव्हमधल्या फायलींना आपला पूर्ण पत्ता चिकटलेला असतो, हे कोणाला ठाऊक! माझ्या डिरेक्टरीत एकही फाइल आली नाही. सगळ्या मूळ जागी गेल्या आणि आजच्या फायलींवर जाऊन बसल्या.

पाच मिनिटांत वॉर्डातून सिस्टरचा फोन. "अहो दादा, माझ्या सात नंबरच्या बेडवर बाळंतीण आहे. कम्प्युटर तिथं प्रोस्टेटवाले आजोबा दाखवून राहिला!"

आमच्या प्रमुख देशकर मॅडमनी सकाळचा बॅकअप लावून सारं जागेवर आणलं. मग एवढंच म्हणाल्या, "आजोबांना पुन्हा घरी सोडलं. आता तू जेवून घे."

*

ते पाहून माझा जोडीदार वानखडे फार सावध झाला. जुने एक्स-रे त्यानं मुद्दाम वेगळीकडे, 'टेम्प' डिरेक्टरीत उघडले. दुपारी लाइट गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि डिरेक्टरी सफाचट!

"काहून साफ झाली गा?" तो किंचाळला.

"टेम्प म्हणजे टेम्पररी. नावातच लिहून आहे ना बे!" मी म्हणालो.

*

याच वानखडेला एकदा मोठ्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "फायली रिस्टोअर झाल्या?"

"झाल्या सर!"

"कुठे?"

वानखडेनं फोन माझ्या हातात दिला!

*

आणि हा गेल्या महिन्यातला. काटोलहून एक पंचविशीतला, आमच्याच दवाखान्यात जन्मलेला माणूस आला. लग्नासाठी पत्रिका करायची होती, त्याला जन्मवेळ हवी होती. आई म्हणे, आठवत नाही.

या वेळी मी फायलींचे पत्ते काढून टाकले, वेगळ्या डिरेक्टरीत त्याच्या जन्मवर्षाचं अर्काइव्ह उघडलं. मॅडम मागे उभ्याच होत्या. नोंद सापडली. आईचं नाव बरोबर, तारीख बरोबर. वेळा मात्र दोन! सहा दहा आणि सहा एकवीस. खाली लिहिलेलं: जुळे मुलगे, दोघंही सुखरूप, आईसोबत घरी.

"मी तं एकटाच आहो," तो म्हणाला.

त्यानं तिथूनच फोन लावला. घाईत बोट लागून स्पीकर चालू झाला.

"आई, मी जल्मलो तवा एकटाच होतो का वं?"

पलीकडून बारीक आवाज आला.

"कोनं सांगतलं तुले?"