टॉवेलच्या गणपतीचं विसर्जन

मागच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, अरबी समुद्राच्या मधोमध, मला स्ट्रेचरवर घालून जहाजाच्या दवाखान्यात नेण्यात आलं. मला काहीही झालेलं नव्हतं.

हजर होते ते असे: माझी आई (वय चौऱ्याहत्तर), बायको मंदा, मुलगी रसिका, आणि पोहण्याच्या कपड्यांतले अंदाजे दोनशे प्रवासी. सहलीचा खर्च चौघांचा मिळून एक लाख बारा हजार. त्यातले ऐंशी हजार रसिकानं स्वतःच्या पगारातून भरले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण यवतमाळजवळच्या नेरमधून पुण्याला जाऊन नोकरी करणारी पोरगी आजीला समुद्र दाखवते, ही साधी गोष्ट नाही. तिनं आजीला समुद्र दाखवला. बापानं त्यात काय केलं, ते पुढे येतंच.

मी नेरला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी, पावती. सव्वीस वर्षांत माझ्या वजाबाकीवर कोणी बोट ठेवलेलं नाही. त्यामुळे कुठेही गेलो तरी मी आधी मोजतो. जहाजावरही मोजलं. मजले अकरा. वरच्या मजल्याच्या चार फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. नाश्त्याला ब्रेडचे प्रकार चौदा. खोलीत टॉवेल आठ. बादली शून्य! तांब्या शून्य!

"एवढं मोठं जहाज, चहूकडं पाणी, अन् आंगोळीले बादली नाई!" आई म्हणाली.

त्या दिवशी जहाज कुठेच थांबणार नव्हतं. सकाळी दाराखालून एक कागद सरकवलेला होता, त्यावर दिवसभराचे कार्यक्रम. मी मोजले, एकतीस होते. योगा, नाच, जादू, भाज्यांची नक्षी, पुन्हा नाच. पैसे दिलेत तर सगळं बघायचं, असं मी ठरवलं आणि वेळा वहीत उतरवून घेतल्या. (मंदा म्हणाली, "अहो, तुम्ही सुट्टीवर आले का तपासणीले आले?")

नाश्त्याला आईनं फक्त बिनसाखरेचा चहा घेतला. पूजेशिवाय ती खात नाही, आणि बॅगेतल्या देवाची पूजा खोलीत परत गेल्यावर व्हायची होती. "आजी, शुगरची गोळी आहे तुझी, काहीतरी खा," रसिका म्हणाली. "होते व, दहा मिनिटात खातो," आई म्हणाली. ती दहा मिनिटं पुढे सव्वापाच तास चालली. मी घड्याळ पाहिलं होतं. सकाळचे साडेनऊ.

खोलीचं दार उघडलं आणि आई दारातच हात जोडून उभी राहिली.

पलंगाच्या मधोमध गणपती बसलेला होता.

नक्की सांगायचं तर तो हत्ती होता. आमची खोली आवरणारा रोनाल्ड नावाचा मंगळूरकडचा तरुण गडी. प्रवासी नाश्त्याला गेले की तो टॉवेलच्या घड्या घालून बदक, माकड, हत्ती करून ठेवायचा. सोमवारी बदक होतं, तेव्हा काही अडचण आली नव्हती. आज दोन टॉवेलांचा हत्ती होता, मांडी घातलेला, सोंड डावीकडे वळवलेली, आणि त्याच्या डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा!

"सुधाकर, आज वार कोणता रे?"

"मंगळवार."

"मंगळवारी बाप्पा आपल्या खोलीत येऊन बसला, अन् तू त्याले चष्मा लावून राह्यला? काढ आंधी तो!"

मी चष्मा काढला. "आई, हा टॉवेल आहे," असं सांगायला तोंड उघडलं, पण तोवर आईनं डबी उघडून कुंकू लावलंही होतं. मग हळद. मग अक्षता. उदबत्ती मात्र रसिकानं हातातून काढून घेतली. "आजी, नको! धूर झाला तर छतातून पाणी पडतं!" नैवेद्याला राजगिऱ्याचा लाडू ठेवला. आरती झाली. मीही म्हटली. म्हटली म्हणजे गणपती झाला, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आता आई जेवेल, असं वाटलं. पण मंदानं साधा प्रश्न विचारला, "आता याचं पुढं काय करायचं?"

"पुढं काय म्हणजे?" रसिका म्हणाली. "रोनाल्ड येईल, उचलेल, लाँड्रीत टाकेल."

आई गर्रकन रसिकाकडे वळली.

"पूजा केलेला गणपती धुयाच्या मशीनमध्ये गरगर फिरवता? दुसऱ्याच्या चादरीसंगं? नाई बाप्पा! दीड दिवस ठेवा नाई तर आज ठेवा, पण त्याले रीतीनं पाण्यात पोचवा. तोवर माह्या पोटात घास जाणार नाई."

"आजी, शुगर!"

"शुगर त्यानंच देल्ली हाय. तो पाह्यल."

अकरा वाजले, बारा वाजले. आई पलंगाच्या कडेला हात जोडून बसलेली. दोनदा म्हणाली, "मले काई होत नाई," आणि दुसऱ्यांदा म्हणताना पदरानं कपाळावरचा घाम पुसला. जेवणाचा हॉल अडीचला बंद होणार होता. आता मला एकच हिशेब दिसत होता: अडीचच्या आत गणपती पाण्यात, आणि आईच्या पोटात अन्न.

पाणी चारी बाजूंना होतं. पण जहाजाच्या कठड्यावर ठळक पाटी होती: समुद्रात काहीही टाकू नये. आणि मी पाटी मोडणारा माणूस नाही.

"बाथरूमच्या बेसिनमध्ये करू," मंदा म्हणाली.

"संडासाले लागून?" आई म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

तेव्हा मला पोहण्याचा तलाव सुचला. दहाव्या मजल्यावर होता. मी सकाळीच पावलं टाकून मोजला होता: नऊ मीटर लांब, पाच रुंद, खोली भिंतीवर लिहिलेली, एक पूर्णांक पस्तीस. वही काढली. साठ हजार सातशे पन्नास लिटर पाणी! त्यात मूर्तीवरचं चिमूटभर कुंकू. दिसणारसुद्धा नाही. टॉवेल तीनदा बुडवायचा, पिळायचा, परत आणायचा. जहाजाचं नुकसान शून्य.

"बाबा, परवानगी?" रसिकानं विचारलं.

मी तेवढा कच्चा नाही. बाहेर जाऊन रोनाल्डला रीतसर विचारलं, "पूल पे टॉवेल ले जा सकते हैं क्या?"

"हाँ सर, बिल्कुल! सब लोग लेके जाते हैं!"

प्रश्न बरोबर होता. उत्तरही बरोबर होतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, एवढंच.

पाण्यात उतरायला पोहण्याचेच कपडे हवेत, अशीही पाटी होती. म्हणून यवतमाळहून आणलेली निळी अर्धी चड्डी घातली. (नेरमध्ये माझे गुडघे आजवर कोणीही पाहिलेले नाहीत.) चहाच्या ट्रेमध्ये गणपती ठेवला, ट्रे डोक्यावर घेतला आणि एक वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही चौघं निघालो. आईनं लिफ्टमध्ये शिरताना हळूच म्हटलं, "गणपती बाप्पा..."

लिफ्टमध्ये नाशिककडची सात माणसं उभी होती. त्यांनी एका आवाजात "मोरया!" केलं.

झालं! नाशिकवाले आमच्याबरोबर उतरले. त्यातल्या एका बाईंनी पर्समधून कुंकवाचं नवं पाकीट काढलं. सुरतचं एक कुटुंब आईस्क्रीम खात मागून आलं. कोणीतरी थाळी वाजवायला सुरुवात केली. तलावाजवळ गाणी लावणाऱ्या पोरानं आमच्याकडे पाहिलं, एक गाणं थांबवलं आणि ढोलताशा लावला! आम्ही चौघं निघालो होतो, तलावापाशी पोचलो तेव्हा मी मागे वळून मोजलं. त्रेसष्ट. त्यानंतर मोजणं सुटलं.

आई सगळ्यांत पुढे चालत होती. नऊवारी, डोक्यावर पदर, आणि दोन्ही बाजूंनी चड्डीतली माणसं तिला वाट करून देत होती. नमस्कार करत होती! तिनं या सहलीआधी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि आज समुद्रावर मिरवणूक तिची होती. खरं सांगतो, डोक्यावरचा ट्रे हलला तो त्यामुळेच.

मी तलावात उतरलो. पाणी छातीपर्यंत आलं. गणपती दोन्ही हातांवर धरला.

"थांब रे!" काठावरून आई म्हणाली. "असा कोरडा नको नेऊ त्याले." आणि तिनं सगळी डबी गणपतीवर रिकामी केली.

"आमचंही घ्या, आजी!" म्हणत नाशिकच्या बाईंनी पाकीट फाडलं. मग आणखी तीन-चार डब्या निघाल्या. एवढ्या बायका पोहायला येताना कुंकू घेऊन येतात, हे माझ्या वहीत कुठेही नव्हतं. माझं गणित चिमटीचं होतं. वरून पाव किलो पडलं. वजन अंदाजे नाही, खात्रीचं सांगतो. माझा धंदाच तो आहे.

मी पहिल्यांदा बुडवला. पाणी गुलाबी झालं. दुसऱ्यांदा बुडवला. लाल झालं. तिसऱ्या वेळेला घडी सुटली, सोंड लांबच लांब झाली आणि माझ्या मानेभोवती गुंडाळली गेली. सोंड सोडवायला गेलो, पाय घसरला, आणि विसर्जन माझंच झालं!

तलावाच्या पलीकडच्या टोकाला उंच खुर्चीवर राखणदार बसलेला होता. परदेशी गोरा गडी. तो काय पाहत होता, ते त्याच्या बाजूनं बघायला हवं. लालभडक पाण्यातून एक माणूस वर आला, खाली गेला, वर आला. नखशिखांत लाल. गळ्याला बँडेज गुंडाळलेलं, तेही लाल. आणि काठावर शेकडो माणसं ओरडत आहेत, थाळ्या वाजवत आहेत!

त्यानं शिट्टी फुंकली आणि कपड्यांसकट उडी मारली.

पुढचं फार वेगात झालं. मला काखेत धरून काठावर ओढलं. ढोलताशा बंद. तलाव रिकामा. कर्ण्यावरून तीन भाषांत घोषणा. पांढऱ्या कोटातली डॉक्टरीणबाई धावत आली.

"कहाँ लगा है? कहाँ से खून आ रहा है?"

"खून नहीं है, मॅडम," मी म्हणालो. "विसर्जन है."

तिनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सोबतच्या माणसाला म्हणाली, "शॉक में है। स्ट्रेचर!"

"अहो, उठा ना! कायले झोपून राह्यले!" मंदा ओरडत होती. पण मला पट्ट्यांनी बांधलं होतं. रसिकाला कोणीतरी विचारलं, हे तुमचे कोण? तिनं पाच सेकंद माझ्या निळ्या चड्डीकडे पाहिलं. (मी मोजले.) मग म्हणाली, "माझे बाबा आहेत," आणि स्ट्रेचरच्या बाजूनं चालू लागली. मी ते दोन ओले टॉवेल शेवटपर्यंत सोडले नाहीत. जमा करायचे होते.

दवाखान्यात मला ओल्या कापसानं पुसलं. जखम एकही सापडेना. कुंकू पुसून संपेना. मग गणवेशातली एक अधिकारी बाई आली, मराठी कळणारी, चेहरा कडक.

"याला जबाबदार कोण?"

मी बसता झालो. "मी. सगळी मोजमापं माझीच." वही दाखवली. लांबी, रुंदी, खोली, लिटर. बाईंनी पूर्ण पान वाचलं.

"आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "कुंकू कुठे लिहिलंय?"

मी पान उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती.

तेवढ्यात आई पुढे झाली. मला वाटलं, आता हात जोडून माफी मागेल. तिनं हात जोडले, पण म्हणाली, "बाई, तुमच्या जहाजावर असा देव घडवणारा माणूस हाय, अन् तुम्ही त्याले चादरी बदलायले ठेवलं?"

बाईंनी वही मिटली. मग हसल्या. मग विचारलं, "आजी, तुम्ही जेवलात का?"

"आता जेवन. बाप्पा गेला नं."

घड्याळात दोन वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. हॉल बंद झालेला. बाईंनी स्वतः फोन करून स्वयंपाकघरातून वरण-भात मागवला. आई दवाखान्याच्या खुर्चीवर बसून जेवली, पोटभर जेवली, आणि वर भात मागून घेतला. तिथल्या तिथे मी मनात म्हटलं, आता दंड किती का असेना.

दंड झाला नाही. तलावाचं पाणी त्यांनी बदललं, ते फुकट. दोन टॉवेल तीनदा धुऊनही गुलाबीच राहिले, त्यांचे अठराशे रुपये मी जहाजाच्या खिडकीवर भरले आणि पावती घेतली. आईनं रोनाल्डला बोलावून एक्कावन्न रुपये दिले, मूर्तिकाराची बिदागी म्हणून. राखणदाराला एकवीस, पोराला पाण्यातून काढल्याबद्दल. मीही उगाच तिच्यासमोर उभा राहिलो. मिरवणूक काढली होती, ट्रे वाहिला होता, स्ट्रेचरवर गेलो होतो.

"तुले कायचे?" आई म्हणाली. "मूर्ती चांगली होती रे. विसर्जनाचा माणूसच कच्चा निंघाला."