निवदाचा मान

आमच्या बिरोबाचा निवद कुणी रांधायचा, हे आमच्या घरात हाताच्या चवीवर ठरत नाही. बाईची पाळी गेली की ठरतं. तोवर तिनं देवाच्या खोलीबाहेर थांबायचं. माझ्या आईचं उभं आयुष्य तसं थांबण्यात गेलं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमची माणसं कृष्णाकाठाला उतरायची, तेव्हा चुलीच्या भांड्यांपासून आजारी कोकरापर्यंत सगळं आई उचलायची. देवाची पेटी तेवढी दादा उचलायचा.

मग तिची पाळी गेली आणि मान तिच्याकडं आला. पहिल्याच जत्रेला ती कपाळभर भंडारा लावून पुरुषांवर ओरडत होती, "आवं, सरा तिकडं! निवद हाय हातात." तिचा असा चढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला हा नियम कधीच पटला नाही, पण त्या दिवशी तिच्याकडं बघून माझं पोट भरलं. तिच्यानंतर नंबर काकीचा, म्हणजे माझ्या चुलतीचा होता. काकी कोपऱ्यात पुरणासाठी डाळ वाटत बसली होती.

पुढं कधीतरी आईच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. तिनं कुणाला, मलाही, सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निवद त्याच दिवशी काकीकडं गेला असता.

आमच्या गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर भरतं ते मार्चमध्ये. तेव्हा खटावात चारा नसतो आणि आमच्या निम्म्या बाया मेंढरांमागं नदीकाठाला असतात. तिथल्या शिबिरात गेलं तर म्हणतात, तुमचं नाव आमच्याकडं नाही, आपल्या गावाला जा. म्हणजे ना घर का ना घाट का! एका वर्षी गुडघ्याच्या दुखण्यानं आई गावातच राहिली. मी कराडला नोकरीला आहे. रजा टाकून आले आणि तिला ओढतच शाळेतल्या शिबिरात नेलं.

वर्गात दोन खिडक्यांना चादर बांधून आडोसा केला होता. बाईच्या अब्रूची एवढीच सोय. आडोशाच्या अलीकडं बाकावर दवाखान्याची एक मुलगी बसून प्रत्येकीला मोठ्यानं विचारत होती, "मावशी, पाळी गेल्यावर परत लाल गेलं का?" आईच्या मागं रांगेत काकी उभी होती. आईनं मान वळवून एकदा तिच्याकडं बघितलं.

"न्हाई बाई," आई म्हणाली, "मी देवाचं करती."

"बरं मग," म्हणून त्या मुलीनं पुढचीला हाक मारली. काही त्रास नसतानाही ही तपासणी करून घ्यायची असते, हे सांगायला तिची जीभ उचलली नाही. मी आईला चिडून म्हटलं, "काय जातंय तुझं? घे तपासून." ती पदर सावरत म्हणाली, "चांगल्या बाईला कशाला गं? तुजं तपास जा." आणि लंगडत घरी निघाली.

पुढच्या जत्रेला चुलीपुढून तिला उठता येईना. मी तिला सांगलीला नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि फार पसरला होता. "इतके दिवस अंगावर काढलंत?" डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले. तिथल्या खाटेवर आईनं मला खरं सांगितलं. "थोडं थोडं जायचं. उनानं आसंल म्हटलं." मग माझा हात धरला. "घरी सांग, पोटात गाठ झाली. लाल गेल्याचं काडू नगंस." मी हो म्हटलं. उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

तेराव्याला भावकीतल्या बाया जमल्या होत्या. काकीनं विचारलं, "आसली गाठ कशानं झाली आसंल गं?"

मी शब्द मोडला आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. या बसलेल्यांतलीही एखादी असंच गप्प राहून मरेल, एवढंच डोक्यात होतं. सगळं सांगितलं. म्हटलं, "जिच्या अंगावरून जातंय ती आणि जिच्या जात नाही तीसुद्धा, सगळ्या वडूजच्या सरकारी दवाखान्यात चला. बाई डॉक्टर आहे. मी येते बरोबर."

मग काकी म्हणाली, "म्हंजी एवडे दिस निवद तसल्या अंगानं रांदला व्हय तिनं?"

तिला किती दुखलं असेल, हे एकीनंही विचारलं नाही. दादा खाली मान घालून उठला आणि भगताकडं गेला. देव बाटले, कराडच्या संगमावर नेऊन धुवा, असं भगतानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पिकअप उभी. तेराव्याला बसलेल्या सगळ्या बाया तिच्यात चढल्या. मलाही कराडलाच परतायचं होतं, मीही चढले. काकी मधोमध बसली. आता पेटी तिच्या मांडीवर होती.

गाडी वडूजमध्ये शिरली. सरकारी दवाखान्याचं फाटक दिसलं तशी मी ड्रायव्हरच्या काचेवर थाप मारली. "थांबवा. सगळ्या आहेत, तासाभराचं काम आहे."

"थांबवू नगंस रं," काकी बसल्या जागेवरून ओरडली. "देव हाईत गाडीत."

ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही.