घर बघायला

तो घरमालक आठवला की माझं डोकं अजून फिरतं. निजामाच्या राज्यात उमरग्याला त्याला जाब विचारणार कोण? घर विकायला काढलं आणि न सांगता, गिऱ्हाइकं घेऊन, चपलांसकट आमच्या शेजारणीच्या खोलीत शिरायचा. ती भाकरी थापताना मान वर न करता एवढंच म्हणायची, "घर तुमचं आसंल, मालक. पर भाडं भरून ऱ्हातेय म्या."

एकदा ती अंघोळ करत होती, तरी त्यानं न्हाणीचा पडदा सारला.

दुसऱ्या दिवशी ती चपलांसकट त्याच्या घरात शिरली. मी मागोमाग गेले. तिनं भिंती ठोकल्या, डब्यांची झाकणं उघडली आणि न्हाणीकडं वळली. तो आडवा आला. "आत बाईमाणूस न्हातंय!"

आवाज न चढवता ती म्हणाली, "काल म्या बी न्हातच व्हते, मालक."