जमिनीनं प्यायलेलं ऊन

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे चटका म्हणतात. पाळण्यात असतानाच तिला राग यायचा, आणि आला की लवकर उतरायचा नाही. आता ती विद्यापीठात संशोधन करते, केसांत एखाददुसरा पांढरा दिसतो, तरी नाव तेच राहिलं. तिचा राग उगाचचा नसतो, हे मात्र मी मामा म्हणून सांगत नाही. मी तिचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिचं काम ऊन साठवण्याचं. इमारतीच्या छतावर काळ्या पत्र्याच्या चपट्या पेट्या मांडल्या आहेत. त्यांतून पाणी फिरतं, तापतं आणि नळीवाटे तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत उतरतं. तिथं पुरुषभर उंचीची एक टाकी आहे, आणि टाकीत मेण. गरम पाण्याच्या नळ्या त्या मेणातून जातात. मेण आधी तापतं, मग वितळायला लागतं. आणि वितळत असताना ते उष्णता घेतच राहतं, पण स्वतः आणखी तापत नाही. एखादा माणूस ऐकलेलं सगळं पोटात ठेवतो आणि तोंडावर काही दाखवत नाही, तसं. सूर्य मावळला की मेण हळूहळू गोठतं आणि पोटातलं सगळं परत देतं. हे सांगताना चटकाच्या कपाळावरच्या आठ्या जातात. मी तिला एरवी कधी इतकी शांत पाहिली नाही.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं होतं.

"जमिनीत," ती म्हणाली, आणि आठ्या परत आल्या.

त्या खोलीतली जमीन उष्णता पिते, असं तिच्या मोठ्या सरांनी फार वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. त्या खोलीत कुठलीही टाकी ठेवा, कशीही गुंडाळा, सकाळपर्यंत ठरावीक उष्णता कमी भरायचीच. सरांनी त्यावर लेख लिहिला, तो छापून आला, चार ठिकाणच्या लोकांनी त्याचा आधार घेतला. तेव्हापासून सरांचा प्रत्येक विद्यार्थी आपल्या आकड्यांतून 'जमिनीची वजावट' बाजूला काढतो. आधी शिकून गेलेल्यांनी टाकीखाली विटा घातल्या, लाकूड घातलं, एकानं तर वाळू भरलेल्या गोण्या रचल्या. जमीन काही ऐकेना.

चटकानं बुचाच्या लाकडाचा जाड थर घातला. तोही वाया गेला. आणि आता वाया घालवायला दिवस उरले नव्हते, कारण विद्यापीठानं समिती नेमली होती. टाकीत सकाळपर्यंत पुरेशी उष्णता टिकत नसेल, तर टाकी मोडायची आणि खोली दुसऱ्याला द्यायची, असं पत्र आलं होतं. टाकी गेली की तिची पदवी गेली. तरुणपणाची सगळी वर्षं त्या मेणात वितळली होती.

ती खोली हवी होती पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या तिच्या सहकाऱ्याला. त्याला सगळे पंख्या म्हणत. तो रोज दारात डोकवायचा आणि हातानं भिंतीची लांबी अजमावायचा.

"मोजून झालं का?" चटका विचारायची.

"छे गं, सहज. तुझी जमीन काय म्हणते?"

"तुझ्या पंख्याला वारा घालायला बोलावतेय. जा."

आधीचे विद्यार्थी भर दुपारी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा मोजायचे. चटकानं टाकीत ठिकठिकाणी उष्णता मोजणाऱ्या तारा सोडल्या आणि संगणक जोडला. तो दिवसरात्र टाकीतल्या उष्णतेची रेघ काढत बसे. त्या रेघेत तिला एक विचित्र गोष्ट दिसली. उष्णता हळूहळू झिरपत नव्हती. दुपार कलली की रेघ एकदम खाली उतरायची, जिन्याची पायरी उतरावी तशी, आणि मग पुढं सरळ चालायची.

आता जमिनीला दुपारीच तहान का लागावी? चटकानं विचार करून करून डोकं धरलं. मग तिच्या लक्षात आलं की त्याच सुमाराला सफाईवाल्या मावशी फरशी पुसतात. ओली फरशी गार पडते, गार फरशी उष्णता ओढते. सापडला चोर! तिनं मावशींना दारातच अडवलं.

"मावशी, आजपासून या खोलीत पाणी नाही. फडकं नाही. काही नाही."

"का हो बाई?"

"तुमच्या पुसण्यानं टाकी गार होते."

मावशींनी बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "इतकी वर्षं मी फरशी पुसतेय. त्यानं तुमची एवढी मोठी टाकी गार होत असेल, तर माझं डोकं का होत नाही कधी?"

फरशी पुसणं बंद झालं. धूळ साचली, टाकीच्या पायाशी कोळ्यांनी घरं केली. रेघ मात्र दुपार कलली की उतरतच राहिली.

ती कागद घेऊन सरांकडे गेली. सर खुर्चीत मागं रेलून बसले होते. माणूस वाईट नाही. विद्वान आहे, शिष्यांवर जीव आहे. पण आपलंच बोलणं ऐकत बसायची सवय.

"पाहिलंस?" रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले. "जमीन. मी कधीच लिहून ठेवलंय. तू जमिनीशी भांडतेस."

"पण सर, अशी एकदम?"

"जमिनीचा स्वभाव समजून घे."

त्या दिवशी तिनं आईला फोन केला. आई म्हणजे माझी बहीण. तिचं बोलणं सुरीसारखं. "अगं, तो मेणबत्तीचा कारखाना बंद पडतोय तर पडू दे," ती म्हणाली. "एका मेणापायी लग्न लांबलं, तब्येत गेली, आता जमिनीशी वैर. दुसरं काही शीक."

"आई, ठेव फोन."

"ठेवते. पण जेवलीस का?"

तेवढ्यात सर परदेशी गेले. कशाला, तर मोठ्या परिषदेत जमिनीच्या वजावटीवर भाषण करायला. आणि काय नवल, सर गेले त्या दिवसापासून रेघ सरळ! दुपार झाली, कलली, संध्याकाळ झाली, पायरी नाही. चटकाला वाटलं, बुचाचा थर उशिरा का होईना, कामाला लागला. तिनं मावशींना बोलावून खोली पुसून घेतली, त्यांची माफी मागितली. पंख्याला चहा पाजला. तो बिचारा गोंधळून गेला.

सर परतले. त्याच दुपारी रेघ पायरीवरून खाली.

माणसाचा राग किती वर चढू शकतो ते मोजायला कुणी तारा लावलेल्या नाहीत, हे बरं. तिनं पाना घेतला, टाकीच्या मागच्या बाजूचा पत्रा उघडला, आतला काचेचा कापूस ओढून काढला. तो कापूस अंगाला लागला की कातडी खाजून खाजून लाल होते. ती भिंत आणि टाकी यांच्यामधल्या अरुंद फटीत जमिनीवर आडवी झाली आणि बुचाचा थर चाचपू लागली. समिती चार दिवसांवर होती.

दार उघडलं. कुणीतरी गुणगुणत आत आलं. टाकीच्या कडेनं तिला दोन पाय दिसले, आणि पायांशेजारी एक निळी बादली टेकलेली. तळाच्या नळाची चावी किर्र करून फिरली. बादलीत पाणी पडू लागलं, वाफाळतं. आणि छतावरच्या पाण्याच्या टाकीतून तेवढंच गार पाणी नळीतून आपोआप खाली उतरू लागलं, मेणाच्या पोटातली ऊब ओढत.

ती फटीतून बाहेर आली. केसांत कापूस, हातात पाना. सर दचकले.

"काय करताय सर?"

"अगं, काही नाही. टाच. जरा शेक दिला की बरं वाटतं."

"रोज?"

"गावात असलो की रोज."

"कधीपासून?"

"टाच दुखायला लागल्यापासून." मग काहीतरी आठवून म्हणाले, "तू यायच्या कितीतरी आधीपासून. एवढंसं तर पाणी."

अर्ध्या अंशाच्या चुकीसाठी विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध परत पाठवणारा हा माणूस! सगळी हयात उष्णता कुठं जाते ते शोधण्यात घालवली, आणि स्वतःच ती बादलीत भरून, वर गुणगुणत, आपल्या खोलीत घेऊन जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. इथं तर वळसा परदेशापर्यंत गेला होता.

"सर," ती हळू म्हणाली, "जमीन काही पीत नाही."

सरांनी बादलीकडे पाहिलं, मग टाकीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. पण शेवटी ते म्हणाले, "ते वेगळं आणि हे वेगळं. लेख छापलेला आहे. लोक त्याचा आधार घेतात. समितीपुढे वजावट तशीच ठेव."

"वजावट ठेवली तर उष्णता कमीच भरते, टाकी नापास होते."

"तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते," सर म्हणाले आणि बादली तिथंच टाकून, लंगडत निघून गेले.

समितीच्या दिवशी मी टाकीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं, म्हणून सगळं ऐकू आलं. समितीच्या अध्यक्षबाई कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी कागद उलटेपालटे केले.

"यात जमिनीची वजावट दिसत नाही."

"काढली," चटका म्हणाली.

"मग दुपारची ही घट कसली?"

भिंतीशी उभ्या पंख्याच्या हातातली मोजपट्टी फटकन मिटली.

"कुणीतरी नळ उघडून पाणी काढत होतं," चटका म्हणाली.

"कोण?"

मला वाटलं, ती आता गिळेल शब्द. सही सरांच्या हातात, आयुष्य त्यांच्या हातात, आणि सर समोरच बसलेले.

"सर," ती म्हणाली. "टाच शेकायला. रोज एक बादली."

मग सरांचा आवाज आला, जरा दुखावलेला. "बादली लहान होती."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी नळाची चावी काढून घेतली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. रेघ सरळ असली, तर टाकी राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ सरळ होती. जवळजवळ सगळी उष्णता मेणात शाबूत. टाकी राहिली, खोली राहिली. पंख्या मोजपट्टी खिशात घालून दुसऱ्या खोलीच्या शोधात गेला. सरांनी सही करण्याचंही कबूल केलं. मी म्हटलं, चला, पोरीच्या तपश्चर्येचं चीज झालं.

दुपारी ती विद्यापीठासमोरच्या माझ्या घरी आली ती दाराला लाथ मारूनच.

"आता काय झालं?"

"सर म्हणतात, वजावट चुकीची आहे हे जगाला कळलंच पाहिजे. लगेच लेख लिहू. मोठा शोध आहे म्हणतात."

"बरोबरच आहे की."

"पहिलं नाव त्यांचं!"

मला हसू आवरेना. तिनं असं पाहिलं की आवरलं.

"आणि मामा, वजावट गेली म्हणजे माझे आतापर्यंतचे सगळे आकडे गेले. सगळे. ते बादलीसकट मोजलेले आहेत. पहिल्या प्रकरणापासून पुन्हा मोजायचं."

"मग कधी सुरू करणार?"

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर छतावरच्या काळ्या पेट्यांवर ऊन लख्ख पडलं होतं.

"हे ऊन फुकट चाललंय," ती पुटपुटली, आणि न जेवताच परत गेली.