न घेतलेल्या गाडीची पूजा

जी गाडी आम्ही घेतली नाही, तिची पूजा मात्र आम्ही साग्रसंगीत केली आहे. नारळ, लिंबं, हळदकुंकू, ओवाळणं, सगळं. एवढी पूजा आमच्या लग्नात माझीसुद्धा झाली नव्हती.

याचं मूळ बाबांच्या डोळ्यांत होतं. बाबा आमचे मूळचे करावे गावचे. खाडीकाठची शेती गेली आणि त्यांनी टेम्पो घेतला, आणि पुढची चाळीस वर्षं मार्केटातून भाजी वाहिली. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काका, उजव्या डोळ्याचं आता काही खरं नाही. गाडी चालवणं बंद." बाबांनी वाद घातला नाही. घरी आले, टेम्पोची चावी देवघरात ठेवली आणि जुईनगरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाऊन बसले ते बसलेच. महिन्याभरात टेम्पो विकला. त्यानंतर बोलणं जवळजवळ संपलं. जेवलात का विचारलं तर मान. चहा हवा का विचारलं तरी मान. माझ्या जुन्या छोट्या गाडीत बसायला तर साफ नकार. चाळीस वर्षं स्वतः गाडी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या मागे का बसेल? पंधरा मिनिटांवरच्या कराव्यात गावदेवीला जायचंही त्यांनी सोडून दिलं. आई रात्री माझ्याजवळ येऊन म्हणायची, "काय तरी कर रं. मानूस घरात हाय आनि घर रिकामं वाटतंय."

मी विचार केला (हीच माझी पहिली चूक). बाबांना गाडी आवडते. मग गाडीच अशी आणावी की पाहताक्षणी बसावंसं वाटेल! तुर्भ्याकडच्या एका शोरूमच्या काचेतून मला रोज एक निळी गाडी दिसायची. परदेशी, लांबलचक, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून उभी. बायकोला दाखवली.

"ही फॅमिली कार आहे?" वैशालीने विचारलं.

"चार दारं आहेत ना!"

"चार दारं कपाटालाही असतात," ती म्हणाली. पण बाबांसाठी म्हटल्यावर तीही तयार झाली. खरं सांगायचं तर बाबा हे अर्धंच कारण होतं. उरलेल्या अर्ध्या कारणात माझा मेव्हणा होता. त्याने नुकतीच मोठी गाडी घेतली होती, आणि तो ती आमच्या सोसायटीच्या गेटासमोरच लावायचा.

शनिवारी सकाळी शोरूमचे साठे गाडी घेऊन आमच्या इमारतीखाली हजर झाले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, अतिशय नम्र गृहस्थ. बाबा बाल्कनीतून बघत होते. किती वेळ बघत होते, देव जाणे, पण थोड्या वेळाने ते चपला घालून खाली आले. कोणी बोलावलं नव्हतं! गाडीला एक फेरी मारली, टायरला हलकेच पाय लावून पाहिला आणि मागचं दार उघडून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. बसले म्हणजे आत गेले. सीट इतकी खोल होती की बाहेरून फक्त त्यांची टोपी दिसत होती. आईने पदर डोळ्यांना लावला.

मी स्टिअरिंगवर, शेजारी साठे, मागे बाबा, आई आणि वैशाली.

"सर, आपण पाम बीच रोडला सरळ जाऊन येऊ," साठे म्हणाले. "हिची खरी ताकद तिथेच कळते."

"आदी कराव्याला," मागून आई म्हणाली.

"आई, ही नुसती चालवून बघायची आहे."

"बग ना. मी कवा नाय म्हनलंय? पन हे इतक्या दिवसांनी गाडीत बसलं हायत. देवीसमोरून गेल्याबिगर मी पुढं येनार नाय."

आमच्या घरात मुलगी बघायला जातानाही ओटीचं सामान बरोबर असतं. बघणं आणि ठरणं यात फार अंतर ठेवायची आम्हाला सवय नाही. आईने आदल्या दिवशीच कराव्याच्या मावशीला फोन केला होता, हे मला देवळाची गल्ली लागल्यावर कळलं. कारण गल्लीच्या टोकाला, देवळापुढे, मावशी आरतीचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्यामागे निम्मी आळी.

मी खिडकी खाली करून खरं काय ते सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. तेवढ्यात मावशीच्या शेजारचा पांडूकाका आत डोकावून ओरडला, "आयला, काय गाडी हाय! कवा काढलीस रं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजच!"

मागून वैशाली जोरात खोकली. साठ्यांचा चेहरा मात्र उजळला. "सर! म्हणजे बुकिंग फायनल? अभिनंदन!" म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

पुढे जे झालं त्याला अडवण्याची नैतिक ताकद माझ्यात उरली नव्हती. चार चाकांखाली चार लिंबं गेली. बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक उमटलं. समोरच्या जाळीत मिरच्यांची माळ अडकवली गेली. नारळ फुटला आणि त्याचं पाणी नंबरच्या जागी लावलेल्या शोरूमच्या पाटीवर उडालं. आता साठे घाबरले.

"मावशी, जरा जपून! ही डेमो गाडी आहे हो. कुणाची झालेली नाही अजून."

"नसूं दे," मावशी म्हणाली. "माझं दाजी बसलंय ना आत? मंग तेवढ्यापुरती आमचीच." आणि तिने मागे जाऊन डिकीवरही भरपूर कुंकू लावलं. माणसाला कपाळ असतं तसं गाडीलाही मध्यभागी काहीतरी असणार, या हिशेबाने तिने बरोबर मध्यभागी लावलं. तिथे मागचा कॅमेरा होता.

गल्ली देवळापाशी संपते. बाहेर पडायचं तर रिव्हर्सच घ्यायला हवं. मी रिव्हर्स टाकला आणि समोरचा स्क्रीन गुलाबी झाला. फक्त गुलाबी! गाडी चारी बाजूंनी एकदम ठणाणा करू लागली. डावीकडे भिंत, इतकी जवळ की साठ्यांचं दार उघडेना. उजवीकडे ओळीने स्कूटर. बाहेर निम्मी आळी एकाच वेळी मार्गदर्शन करत होती.

"डावीकडं घे!"

"येडा झाला काय? उजवीकडं!"

"पुढं घे आदी, पुढं!"

"नारल हाय पुढं!"

"सर, मी घेऊ का चालवायला?" साठे क्षीण आवाजात म्हणाले. पण मधला उंचवटा ओलांडून माझ्या जागी येणं त्यांच्या पोटाला शक्य नव्हतं. मी घाबरून पाय दाबला. गाडी हातभर मागे उडाली, कचकन थांबली आणि मिररपासून चार बोटांवर एक स्कूटर हलली. साठ्यांनी डोळे मिटले. बाबांना आठ महिन्यांनी घराबाहेर आणलं ते त्यांच्याच गावात, त्यांच्याच माणसांसमोर शोभा करून दाखवायला, असं मला वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

बाबा उतरत होते. म्हणजे प्रयत्न करत होते. त्या सीटमधून त्यांना उठताच येईना. शेवटी मावशीने एक हात धरला, पांडूकाकाने दुसरा, आईने आतून ढकललं, आणि बाबा बाहेर आले. टोपी नीट केली आणि चालत गाडीच्या मागे गेले.

मग डिकीवर थाप पडली. उघड्या तळहाताची, सणसणीत.

साठे सीटवरून उडाले. "सर, पेंट!"

मी ऐकलं नाही. ती थाप मला ओळखीची होती. मार्केटातल्या गर्दीत टेम्पो मागे घेताना मागचा माणूस अशीच थाप मारतो. थाप पडतेय तोवर येत राहायचं. थांबली की जागच्या जागी ब्रेक. लहानपणी सुट्टीत टेम्पोत झोपायचो तेव्हा याच आवाजाने जाग यायची.

"सगली गप ऱ्हावा!" बाबांचा आवाज आला. आळी गप्प झाली. बाबांचा इतका मोठा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "आरशात बगू नको. टीवीत बगू नको. माझा ऐक. येऊ दे."

थाप. थाप.

"उजवीला मार. अजून मार. आता सरल कर. येऊ दे."

नंतर वैशालीने सांगितलं, बाबांचा एक हात डिकीवर होता आणि दुसऱ्या हाताने ते गाडी आणि भिंतीमधली जागा मोजत होते. "येक वीत हाय, येऊ दे. चार बोटा हायत, येऊ दे." डोळ्यांचं काम त्यांनी हाताला दिलं होतं. मी गाडी मागे घेत होतो आणि रडत होतो. साठ्यांना वाटलं, मी कुठेतरी ठोकली. तेही रडवेले झाले.

गल्लीच्या तोंडाशी थाप थांबली. गाडीला एक ओरखडा नव्हता.

शोरूमला परतल्यावर साठे आधी रुमालाने कॅमेरा पुसत राहिले. मी त्यांच्यासमोर हात जोडून सांगितलं की बुकिंग वगैरे काही नाही, मी मावशीच्या आळीशी खोटं बोललो. माणूस भला. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि नेमाप्रमाणे बाबांना विचारलं, "काका, गाडी कशी वाटली?"

बाबांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाडी चांगली हाय. पन मानूस बसवाला येक लागतो आनि काडाला तीन. आनि डायवर कच्चा हाय. पयला त्याला शिकवतो, मंग गाडीचं बगू."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सात वाजता बाबा मला खाली नेतात. मी माझी जुनी गाडी पार्किंगमधून मागे घेतो, ते मागे उभे राहून थापा मारतात आणि ओरडतात. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळी सोसायटी चहाचे कप घेऊन बघायला येते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी दर आठवड्याला नापास होणारा विद्यार्थी आहे. आई खूश आहे, घरात दिवसभर बाबांची बडबड चालू असते, आणि त्या बडबडीचा विषय मुख्यतः मी असतो. परवा तर त्यांनी माझं लायसन मागून घेतलं, चांगल्या डोळ्यासमोर धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "याला यो दिला कोनी?"