चिखलाचे टायर, डांबराचा रस्ता

माझ्या जीपचे टायर चिखलासाठी केलेले आहेत, साबणाच्या वडीएवढे जाड रबरी ठोकळे असलेले. खाणीच्या वाटेवर त्यांनी मला कधी अडकू दिलं नाही. आता खाण बंद आहे आणि दारापासून तालुक्यापर्यंत डांबर आहे. डांबरावर हे टायर एकसारखे घुमतात, स्टिअरिंग हातात थरथरतं. रोज सकाळी मी पेचकसानं त्यांच्या खाचांतले खडे काढतो. चालवताना मधेच दोन चाकं कडेच्या मातीत उतरवतो. आवाज जरा कमी होतो, तेवढंच बरं वाटतं.

फार शिकलो नाही, पण एवढं कळतं, की ज्याला रुतणाऱ्या जागी पाय रोवायची सवय लागली, त्याला सपाट जागी चैन पडत नाही. मला घरातही एका जागी बसवत नाही.

परवा ओल्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला, तरी जीप घसरत तिच्या शिंगांपाशी जाऊन थांबली. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "टायर बदला आता."

"म्हशीला अक्कल नाही," मी म्हणालो.

"हो, तिलाही नाही."

आज दवाखान्यात जायला ती शेजाऱ्याच्या रिक्षात बसली. "तुम्ही या घुमत मागनं," म्हणाली. मीही हट्टानं जीप काढली. थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं, की मी रोजच्यापेक्षा चौपट अंतर ठेवून चालवतोय. रिक्षात ती होती, आणि माझी गाडी वेळेवर थांबेल याची मला खात्री नव्हती.