तक्रारबंदीचा आठवडा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरातली सगळी माणसं आठवडाभर सुखी होती. ते निस्तरता निस्तरता पावसाळा लागला.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको. मी शाळेत शिकवते. शिकवणाऱ्या माणसाला अधूनमधून कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला बसावं लागतं, आणि तेही नेमकं सुट्टीत. तिथे मिळालेलं ज्ञान वर्गात वापरायला पोरं वाव देत नाहीत, म्हणून मी ते घरी वापरते. (घरचे पळून जाऊ शकत नाहीत.) त्या वेळचा विषय होता ‘आनंदी कसे राहावे’. बाहेर वर्ध्याचा मे महिना, सभागृहातले पंखे बंद, आणि समोर एक अत्यंत आनंदी गृहस्थ सांगत होते की माणूस परिस्थितीमुळे दुःखी नसतो, तक्रारीमुळे असतो. तक्रार सोडा. रोज संध्याकाळी दिवसातली एक चांगली गोष्ट मोठ्यानं बोला. मग बघा. मी घाम पुसत मान डोलावली आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या आई उभ्या राहिल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. एरवी त्या आंजीला असतात, माझ्या धाकट्या दिराकडे, प्रवीणकडे. उन्हाळा तेवढा आमच्याकडे पिपरी मेघेला काढतात. सकाळी डोळे उघडले की त्यांची तक्रार सुरू होते आणि दिवे मालवेपर्यंत चालते. नळाचं पाणी बारीक आलं. दूध पातळ आलं. शेजारच्या पोरानं आपल्या फाटकासमोर गाडी लावली. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पोट सुटलं. माझी पोळी कडक झाली. आवाजात राग नसतो बरं का. भाजी निवडता निवडता सहज चाललेलं असतं, आणि मला मात्र वाटायचं की ह्या बाईच्या आयुष्यात सुख म्हणून काही नाही. कीव यायची मला त्यांची. ती कीवच नडली.

त्याच संध्याकाळी मी जेवायच्या आधी नियम जाहीर केला. आजपासून घरात तक्रार बंद. जेवताना प्रत्येकानं एक चांगली गोष्ट सांगायची. ह्यांनी लगेच होकार दिला. लग्न झाल्यापासून ते लगेचच होकार देतात, पुढचं पुढे बघतात. आई मात्र ताटावरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

“म्हंजे मी बोलूच नोको?”

“बोला ना आई. चांगलं बोला.”

“चांगलं काय बोलाचं? चांगलं तं दिसूनच राह्यते. जे दिसत नाई थे सांगा लागते.”

मला वाटलं, वय झालं, ह्यांना जरा वेळ लागेल. पण नाही. पहिल्याच दिवशी आई म्हणाल्या, “आज नळाले पाणी आलं.” दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आज बी आलं.” मी टाळ्या वाजवल्या. (टाळ्या वाजवायला प्रशिक्षणात सांगितलं होतं.) बुधवारपर्यंत तर त्यांची इतकी प्रगती झाली की मी थक्क झाले. म्हणाल्या, “बैठकीतल्या कूलरात काल टाकलं थे पाणी तसंच आहे. भराचं काम नाई पडलं.” पाण्याची बचत झाली म्हणून मी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी का कोण जाणे, मान ताटात खुपसली. गुरुवारी आई म्हणाल्या, “बैठकीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलं का झुल्यावानी वाटते.” शुक्रवारी म्हणाल्या, “आता गच्चीवर झोपतो मी. चांदण्या दिसतात.” ह्या वयात चांदण्या! मी दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणात उठून उभी राहिले आणि आमच्या घरातला हा बदल सगळ्यांना सांगितला. त्या आनंदी गृहस्थांनीही टाळ्या वाजवल्या. घरात इतकी शांतता होती की स्वयंपाक करता करता मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, पण ते मी कोणाला बोलले नाही, कारण ती तक्रार झाली असती.

आणि रविवारी प्रवीणसाठी मुलीकडचे घर पाहायला येणार होते.

आता प्रवीणबद्दल सांगायला हवं, कारण खरा जीव त्याचाच टांगणीला लागला होता. शेतीचं शिकला आणि शिकून चक्क शेतीच करायला आंजीला परतला. संत्र्याची बाग लावली, ठिबक टाकलं, पोरगा निर्व्यसनी, दिसायला चांगला. पण मुलीकडचे आले की पहिला प्रश्न, “नोकरी कुठं आहे?” पाच घरांनी चहा पिऊन “कळवतो” म्हटलं, आणि पाचांनीही अजून कळवलेलं नाही. तिशी ओलांडून गेली. तो तोंडानं काही बोलायचा नाही, फक्त दर वेळी मिशी थोडी जास्त बारीक कापून यायचा. हिंगणघाटची शुभांगी ही पहिली मुलगी, जिनं स्वतः सांगितलं होतं की शेतीवाला चालेल. ती दवाखान्यात नर्स. तिच्या बाबांना मात्र चालत नव्हतं. आणि त्यांच्या घरात शेवटचा शब्द आजीचा, असं कळलं होतं. आधी आमच्याकडे जेवण, मग आंजीला जाऊन शेत पाहायचं, असा बेत ठरला.

मी सकाळी लवकर उठून वांग्याची भाजी टाकली. रस केला, पोळ्या केल्या, भजी तळली. मधेच प्रशिक्षणातल्या एका बाईंचा फोन आला, तुमच्या सासूबाईंचा अनुभव पुन्हा सांगा म्हणून. तो अर्धा तास चालला. फोन ठेवून मी भाजीत मीठ टाकलं. मग वाटीत थोडी काढून ह्यांना दिली. ह्यांनी घास घेतला, खिडकीबाहेर बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “छान.” मग आईंना दिली. त्यांनी घास घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं. मग म्हणाल्या, “रंग मस्त आला.”

प्रवीण आंजीहून आधीच आला होता. शुभांगी, तिचे बाबा आणि आजी असे पाहुणे भर उन्हात आले. मुलीचे बाबा अंगानं भारदस्त, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, “या, इकडे कूलरसमोर बसा.” कूलर लावला. त्यातून जो वारा आला तो भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा होता, आणि त्यासोबत आठवडाभराची धूळही आली. बाबांनी डोळे चोळले. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

“कूलरचा पंप चालत नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

“अहो, मग सांगायचं ना!”

“तक्रार झाली असती,” हे म्हणाले, अगदी गरीब चेहरा करून.

तेव्हा कुठे मला कळलं की कूलरातलं पाणी संपत का नव्हतं, आणि एरवी बैठकीत झोपणाऱ्या आई चांदण्या का बघत होत्या. पाठोपाठ तिसरी गोष्टही आठवली आणि मी बैठकीकडे धावले. उशीर झाला होता. बाबा कूलरपासून लांब, कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले होते. खुर्ची आधी डावीकडे झुकली, मग जरा विचार करून उजवीकडे झुकली, आणि मग तिनं चारही पाय पसरले. प्रवीणनं झेप घेऊन त्यांना काखेत धरलं म्हणून बरं. जावई होऊ घातलेल्या मुलानं सासऱ्याला पहिल्याच भेटीत मिठी मारलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाबांना काही लागलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा ‘कळवतो’ म्हणायच्या तयारीचा झाला होता. मी मनाशी म्हटलं, जेवणावर सांभाळून घेऊ. भाजीवर माझा विश्वास होता. (यजमानीण शेवटी जेवते, त्यामुळे मी ती अजून खाल्ली नव्हती.) बाबांनी घास घेतला आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला. उन्हातून आलेत, मी समजले. शुभांगी खाली मान घालून एकेक घास गिळत होती. लाजते आहे, मी समजले. प्रवीण माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. त्याला भीती वाटते आहे, मी समजले. आणि आपल्याकडे आग्रहाशिवाय जेवण होत नाही, म्हणून मी प्रत्येकाला भाजी पुन्हा वाढली.

“कशी झाली?” मी विचारलं.

“छान,” हे म्हणाले.

“छान,” बाबा म्हणाले, आणि पाणी मागितलं.

“मस्त,” प्रवीण म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मग त्या आजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, मीठ भल्लं झालं.”

भल्लं म्हणजे फारच; फोनच्या आधी एकदा आणि फोननंतर पुन्हा, असं मी ते दोनदा टाकलं होतं. मी आईंकडे बघितलं. आईंच्या चेहऱ्यावर जे काही आलं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. तो निव्वळ आनंद होता.

“होय न वो बाई!” आई म्हणाल्या. “सकाऊनपासून सांगीन सांगीन म्हणून राह्यली मी. पण आमच्या घरात बोलाची बंदी आहे न!”

“बंदी? काऊन?”

“सुनबाई टरेनिंगले गेलती.”

आणि मग धरण फुटलं. मीठ, खुर्ची, कूलर, पंप, गच्चीवरचे डास, दूध, नळ, शेजारच्या पोराची गाडी, माझ्या टाळ्या, सगळं एका दमात बाहेर आलं. आजी ऐकत होत्या, ‘हाव’ म्हणत होत्या, आणि मधेच स्वतःचं टाकत होत्या. आमच्या घरी बी तसंच आहे बाई. काही म्हणाले गेलं का पोरगा म्हणते, आई, बीपी वाढते, चूप राह्य. दोघी ताटं सोडून आतल्या खोलीत गेल्या, तिथल्या चालू कूलरसमोर बसल्या आणि दार लोटून घेतलं. आतून हसण्याचा आवाज यायला लागला. आमच्या आई इतक्या मोठ्यानं हसतात हे मला ठाऊकच नव्हतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. आठवडाभर मी त्या बाईच्या तोंडाला कुलूप घातलं होतं आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या.

इकडे बैठकीत बाबांनी रुमालानं मान पुसली आणि ते म्हणालेच, “बरं, मग आम्ही कळवतो.” प्रवीण माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “असू द्या वहिनी.” आणि पेचकस घेऊन कूलर उघडायला बसला. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. शुभांगी हे बघत होती. मग त्याच्याजवळ गेली.

“जाम झाला असन,” ती म्हणाली. “आमचा बी होते. टॉर्च पकडू का?”

“पकडा.”

“तुम्हाले पंपाचं समजत असनच. शेतीत हेच तं असते.”

“शेतीत पंप कमी अन् डोकेदुखी जास्त असते,” प्रवीण म्हणाला. पाच घरांत मिळून तो एवढं बोलला नव्हता.

पंप सुरू झाला, गार वारा आला, बाबा नाइलाजानं बसले, कारण आजी बाहेर येईनात. मी दारावर टकटक करायचं धाडस केलं नाही. आतून माझं नाव मधून मधून ऐकू येत होतं, आणि त्यानंतर दर वेळी हसणं. मी बाहेर भिंतीला टेकून मुकाट्यानं ऐकत उभी होते. सगळं खरंच होतं.

शेवटी दार उघडलं. आजी बाहेर आल्या. मला भिंतीशी उभी पाहिलं आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, “पोरगी इथंच द्याची.”

“आई, काऊन पण?”

“हे सासू सुनेच्या तोंडावर येवढं बोलली, अन् सुनंनं एका शब्दानं उलटून म्हटलं नाई. भिंतीले टेकून आयकत उभी आहे बिचारी. उद्या आपली पोरगी या घरात येईन, तिले काही खुपलं तं कोणी आयकणारं तं पाह्यजे. शेती का नोकरी, त्यानं काय होते?”

बाबांनी टॉर्च धरून बसलेल्या मुलीकडे बघितलं, मग गार हवा सोडणाऱ्या कूलरकडे बघितलं, आणि म्हणाले, “चाला, शेत तं पाहून घेऊ.” पाऊस सुरू झाल्यावर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, दिवाळीनंतर लग्न. प्रवीणनं लग्नाच्या दिवशी मिशी अजिबात कापली नव्हती.

नियम मी त्याच रात्री मागे घेतला. आईंना म्हटलं, आई, चुकलं माझं, बोलत जा. त्या म्हणाल्या, “मंग आयक.” आणि सुरू झाल्या. मी ऐकलं. ते ऐकताना पहिल्यांदा लक्षात आलं की ही बाई दिवसभर आमच्याच घराकडे बघत असते. काय सैल झालं, काय तुटायला आलं, कोण वाळलं, कोण थकलं. दुःखाचा त्यात काही संबंध नव्हता. ऐकायला कोणी आहे म्हणून ती बोलते, आणि बोलून झालं की तिला गाढ झोप लागते.

आता प्रॉब्लेम एवढाच आहे की आजींनी दोन्ही घरांत माझी ख्याती करून ठेवली आहे. कल्पनासारखं, म्हणजे माझ्यासारखं, ऐकून घेणारं माणूस साऱ्या जिल्ह्यात नाही म्हणे. त्यामुळे आजी सकाळी फोन करून मुलाची तक्रार सांगतात. दुपारी मुलाचा फोन येतो, आजींची तक्रार घेऊन. शुभांगी प्रवीणचं सांगते, प्रवीण संत्र्यांचं सांगतो, आई सगळ्यांचं सांगतात, आणि सांगून झालं की सगळे सुखानं झोपी जातात. माझं डोकं ठणकत असतं, पण ते सांगू कोणाला? ह्यांना सांगायला जावं तर हे “छान” म्हणतात. म्हणून तुम्हाला सांगून राह्यली. तुम्ही इथवर ऐकून घेतलं, मला लय बरं वाटलं.